उपदेशकाच्या मुलाची ध्वनिमुद्रिका

अमेरिकेतील कृष्णवर्णीय मंडळ्यांच्या संगीताचा विचार करताना आमच्यापैकी बहुतेकांची दृष्टी ‘स्पिरिच्युअल’ व ‘गॉस्पेल’ या दोन प्रकारांपाशी थांबते. ‘सोल’ हा तिसरा प्रकार बाजारातला म्हणून आम्ही बाजूस ठेवतो. वास्तविक त्याचा जन्म उपासनामंदिराच्याच अंगणात झाला. एकाने ओळ म्हणावी व समूहाने ती उचलून धरावी, ही आपल्या कीर्तनकारास परिचित असलेली रीत त्या मंडळ्यांतही आहे. ती रीत व तो कंठ तसाच ठेवून शब्द ऐहिक प्रेमाचे घातले, की ‘सोल’ झाले. देवाच्या घरातील पात्रे बाजारात नेली, असा आक्षेप तेथील अनेक भाविकांनी त्यावर घेतला. या आक्षेपाचे ओझे जन्मभर वाहिलेल्या एका गायकाची व त्याच्या एका ध्वनिमुद्रिकेची हकीकत येथे सांगावयाची आहे.

मार्विन गे याचा जन्म 2 एप्रिल 1939 रोजी वॉशिंग्टन येथे झाला. त्याचा पिता ‘हाउस ऑफ गॉड’ नावाच्या, शनिवारचा शब्बाथ पाळणाऱ्या एका छोट्या पंथाचा उपदेशक होता. मुलाचे पहिले गायन पित्याच्या मंडळीतच झाले. पित्याचा मारही त्याने लहानपणापासूनच सोसला. पुढे तो डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत गेला व प्रेमगीतांचा गायक म्हणून नावारूपास आला. त्याच्याबरोबर युगुलगीते गाणारी टॅमी टेरेल 1967 साली रंगमंचावरच कोसळली आणि मेंदूतील गाठीने 16 मार्च 1970 रोजी, वयाच्या अवघ्या 24 व्या वर्षी, वारली. गे दुःखाने खचला. त्याच सुमारास त्याचा भाऊ फ्रँकी व्हिएतनामच्या युद्धातून परतला व तेथे पाहिलेले सांगू लागला.

‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या गीताची मूळ कल्पना मात्र गेची नव्हे. ‘फोर टॉप्स’ या गायकवृंदातील ओबी बेन्सन याने 1969 साली बर्कली येथे पोलिसांनी तरुणांवर केलेला बलप्रयोग पाहिला, आणि हे काय चालले आहे, असा प्रश्न त्याच्या मनात उठला. त्याने व ॲल क्लीव्हलँड याने गीताचा आराखडा केला. बेन्सनच्या सोबत्यांनी ते निषेधाचे गीत म्हणून नाकारले, तेव्हा ते गेकडे आले. त्याने त्यात स्वतःच्या घरचे शब्द घातले. आई, भाऊ व पिता यांस तो क्रमाने हाक मारतो आणि पित्यास, भांडण वाढवू नका, अशी विनवणी करतो. शीर्षकापुढे प्रश्नचिन्ह नाही, ही गोष्ट आम्हास अर्थपूर्ण वाटते. विलापाच्या स्तोत्रांत भक्त देवास जाब विचारतो. येथे गायक माणसांस विचारतो आहे, आणि उत्तराची त्याला फारशी आशा दिसत नाही.

ध्वनिमुद्रण जून 1970 मध्ये झाले. सॅक्सोफोनवादक सुरावट जुळवून पाहत असता वाजलेला तुकडाच आरंभी ठेवण्यात आला. दुसरा योगायोग त्याहून मोठा. गेने मुख्य गायन दोनदा केले होते. ध्वनियंत्रज्ञाकडून दोन्ही एकदम ऐकविली गेली आणि गेला तेच आवडले. तेव्हापासून तो स्वतःच्याच आवाजास साथ देऊ लागला. ‘सेव्ह द चिल्ड्रन’ या गीतात एक आवाज ओळ बोलतो व दुसरा तीच गातो. व्यासपीठावरील वाचक व खालची मंडळी या दोन्ही भूमिका एकाच कंठातून निघतात. मंडळीबाहेर पडलेल्या माणसाने मंडळी अशी स्वतःच्या आतच उभी केली, असे आम्हास वाटते.

कंपनीचा प्रमुख बेरी गॉर्डी यास गीत रुचले नाही व ते काही महिने पडून राहिले. ते प्रसिद्ध होईपर्यंत दुसरे गाणार नाही, असे गेने सांगितले. जानेवारी 1971 मध्ये ते निघाले आणि भराभर खपले. मग गॉर्डीनेच पूर्ण ध्वनिमुद्रिका तातडीने मागितली. मूळ वादन मार्चमध्येच उरकले आणि 21 मे 1971 रोजी ती बाहेर पडली. नऊ गीते, सुमारे 35 मिनिटे, पहिल्या बाजूची सर्व गीते खंड न पडता एकमेकांत मिसळलेली. युद्धाहून परतलेला बेकार भाऊ, मादक द्रव्यांत बुडालेला तरुण, विषारी झालेले पाणी व वारा, शहरातील दारिद्र्य, हे तिचे विषय. ‘गॉड इज लव्ह’ हे त्यांच्या मध्येच येते व लवकर संपते. तेथे अधिक थांबावयास हवे होते, असे वाटते. वाद्यवृंदातील कलावंतांची नावे वेष्टनावर छापण्याचा न्यायही मोटाउनने याच वेळी प्रथम केला.

तिच्यातील तीन गीते लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या दहांत गेली. ग्रॅमी पुरस्कार मात्र तिला एकही मिळाला नाही. 2020 साली ‘रोलिंग स्टोन’ नियतकालिकाने सर्वकाळच्या पाचशे ध्वनिमुद्रिकांत तिला पहिले स्थान दिले. ते पाहावयास गे नव्हता. 1 एप्रिल 1984 रोजी, पंचेचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, लॉस एंजेलिस येथील घरी आईवडिलांच्या भांडणात तो मध्ये पडला, आणि पित्याने त्यास गोळी घातली. पिस्तूल मुलानेच पित्यास दिलेले होते. न्यायालयाने पित्याची शिक्षा स्थगित ठेवली.

या ध्वनिमुद्रिकेतील एक गीत मात्र उपासनामंदिरात परत गेले, आणि तेही लवकरच. जानेवारी 1972 मध्ये अरेथा फ्रँकलिन हिने लॉस एंजेलिसमधील न्यू टेंपल मिशनरी बॅप्टिस्ट चर्चमध्ये दोन रात्री भजनसभा केली व तिचे ध्वनिमुद्रण ‘अमेझिंग ग्रेस’ या नावाने निघाले. रेव्ह. जेम्स क्लीव्हलँड यांच्या गायकवृंदासह तिने गेचे ‘होली होली’ गाइले. तीही उपदेशकाचीच मुलगी, तीही ‘सोल’ गाणारी. दुसऱ्या रात्री तिचे पिता, डेट्रॉइटचे पाळक रेव्ह. सी. एल. फ्रँकलिन, सभेपुढे उभे राहिले आणि आपल्या मुलीने मंडळी कधी सोडलीच नव्हती, असे त्यांनी सर्वांदेखत सांगितले.