सोनेरी माणूस की सोनेरी बाई?

हेडफोन लावलेत ना? आज जरा लांब जायचंय, कझाकस्तानात. अल्माटीच्या पूर्वेला इसिक नावाचं गाव आहे. 1969 मध्ये तिथं एक कुरगान, म्हणजे कबरीवर रचलेलं मातीचं टेकाड, उकरलं गेलं. मधली मुख्य कबर चोरांनी कधीच साफ केली होती. पण बाजूची एक कबर त्यांच्या नजरेतून सुटली होती. तिच्यात निघालं सतरा-अठरा वर्षांचं एक शक पोर, आणि अंगावर सोन्याचे जवळपास 4000 तुकडे!

मला आधी वाटलं, किलोकिलोनं सोनं असणार. छे! बरंचसं काम पातळ पत्र्याचं. टोपीवरचे प्राणी तर लाकडात कोरून वर सोन्याचा पत्रा चढवलेला. शक घोड्यावरचे लोक. अंगावर वजन कमी आणि चमक जास्त, हे त्यांना बरोबर कळत होतं. कारागिराला माझा सलाम.

टोपी दोन फुटांहून उंच. समोर पंखांचे, शिंगांचे घोडे, शिवाय हिमबिबटे, डोंगर, बाण. कमरेच्या पट्ट्यावर हरणं. या शैलीत प्राण्याचं मागचं अंग कधीकधी पार उलटं पिळलेलं असतं. पुढचे पाय खाली, मागचे वर. एवढ्याशा पत्र्यात आख्खा प्राणी बसवायचा म्हणून? की मरणारा प्राणी दाखवायचा म्हणून? अभ्यासकांचं एकमत नाही. मला दुसरं पटतं.

टोकदार टोपी ही शकांची ओळखच होती. इराणच्या बेहिस्तून कड्यावर दारियसनं कैद केलेला शक सरदार स्कुंखा कोरलाय, तो लगेच ओळखू येतो तो टोपीमुळेच.

आता मी मघाशी 'पोर' का म्हणालो? उत्खनन करणारे केमाल अकिशेव यांनी हा तरुण योद्धा ठरवला. तलवार आणि खंजीर होते ना. पुढे जेनीन डेव्हिस-किंबल म्हणाल्या, थांबा! उंच टोपी, मणी, आरसा, ही बाई कशावरून नसेल? स्टेपमध्ये शस्त्रांसह पुरलेल्या बायका इतरत्र सापडल्याच आहेत. पण तोवर हा 'सोनेरी माणूस' देशाचं प्रतीक बनला होता. आज अल्माटीच्या स्वातंत्र्य स्मारकावर पंखवाल्या बिबट्यावर उभा आहे, योद्धा म्हणूनच.

आणि हो, आपल्या पंचांगातला 'शक' शब्द याच नावाचा. नाशिकच्या लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत, तोही शक. अर्थात इसिकच्या पोरानंतर काही शतकांनी. पुढच्या वेळी त्याच्याकडे जाऊ.