पणजीतल्या जागा बदललेल्या वस्तू

"गोव्याला जाऊन आलो" म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "कुठल्या बीचवर?" आमचा गोवा मात्र जरा वेगळा. मंगेश आमचं कुलदैवत. त्यामुळे लहानपणापासून गोवा म्हणजे मंगेशीला अभिषेक आणि परतताना पणजीत एक मुक्काम. त्यातही मिरामारची वाळू, दोनापावल, मांडवीतली बोट.. झाली पणजी!

यंदा आत्या बरोबर होती. तिचे गुडघे दुखतात, वाळूत चालवत नाही. म्हणून आम्ही समुद्राकडे पाठ करून गावातच फिरलो, आणि मला पहिल्यांदाच जाणवलं की इथल्या कितीतरी वस्तू मुळात इथल्या नाहीतच.

पोर्तुगीजांची मूळ राजधानी म्हणजे आजचं जुनं गोवं, पणजीपासून नऊ-दहा किलोमीटरवर. तिथे साथींनी माणसं मरू लागली, शहर ओस पडत गेलं. 1759 मध्ये व्हाइसरॉय पणजीतल्या आदिलशाही राजवाड्यात राहायला आला आणि 1843 मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. घर बदलताना आपण जुन्या घराची दारं-खिडक्या काढून आणतो ना, तसंच मग इथे झालं.

पणजीचं ते पांढरंशुभ्र, जिन्यांचं चर्च सगळ्यांनी पाहिलेलं असतं, निदान सिनेमात तरी. त्याच्यावरची घंटा जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टीनच्या मनोऱ्यातली. 1835 मध्ये तिथला मठ बंद झाला. मग घंटा 1841 साली आग्वादच्या दीपगृहावर गेली आणि तिथून 1871 मध्ये इथे आली. मनोरा आता अर्धाच उभा आहे, घंटा मात्र अजून वाजते.

तिथून जवळच आझाद मैदान. मधल्या मंडपाचे खांब जुन्या गोव्यातल्या डॉमिनिकन चर्चच्या अवशेषांतून आणलेले. 1847 मध्ये हा मंडप बांधला तो अफोंसो द अल्बुकर्कच्या पुतळ्यासाठी. ज्याने 1510 मध्ये गोवा घेतला, तोच हा. आज त्याच मंडपात गोवामुक्तीसाठी झगडलेल्या त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांचं स्मारक आहे, आणि अल्बुकर्क जुन्या गोव्याच्या संग्रहालयात. खांबांना काय, कोणालाही सावली देतात!

संध्याकाळी फोंतेन्हासला पोचलो. अरुंद गल्ल्या, निळी-पिवळी घरं, फोटो काढणारी मुलंमुली. गल्लीच्या टोकाला सेंट सेबॅस्टियनचं छोटं कपेल आहे. नेमकं उघडं होतं. आत एक मोठा क्रूस. एरवी क्रूसावरच्या येशूची मान कललेली आणि डोळे मिटलेले असतात. इथे मान ताठ आणि डोळे सताड उघडे.

हा क्रूस जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या वाड्यातला. 1560 ते 1812, मधली काही वर्षं सोडली तर, गोव्यात हे धर्म-न्यायालय चाललं. नव्याने ख्रिस्ती झालेली माणसं घरात जुने रीतिरिवाज पाळतात, या संशयावरून कितीतरी खटले झाले. आरोपींच्या मनात धाक बसावा म्हणून हे डोळे उघडे ठेवले, असं सांगतात. न्यायालय बंद झाल्यावर क्रूस पणजीच्या राजवाड्यात आला आणि 1918 पासून तो इथे आहे.

मी हे सगळं आत्याला हळू आवाजात सांगितलं. ती बराच वेळ बघत राहिली.

"आपल्यातलंही कोणी उभं राहिलं असेल का रे याच्यापुढे?"

मला उत्तर देता आलं नाही. आमच्या घरात फक्त एवढंच सांगत आलेत की 1560 च्या सुमारास कुठ्ठाळीहून मंगेशाचं लिंग नदीपार प्रियोळला नेलं, कारण तिकडे तेव्हा पोर्तुगीजांचा अंमल नव्हता. देवाबरोबर जे गेले ते आम्ही. पण जे मागे राहिले, ज्यांनी नावं बदलली, तेही कोणाचे तरी भाऊ, चुलतभाऊच असणार. त्यांची गोष्ट आमच्या घरात कोणी कधी सांगितली नाही.

पुढच्या बाकावर एक आजी जपमाळ घेऊन बसल्या होत्या. उठताना त्यांनी आत्याला धरायला हात पुढे केला आणि कोंकणीत गुडघ्यांची चौकशी केली. आत्यानेही तिच्या मोडक्यातोडक्या कोंकणीत उत्तर दिलं. दोघी पायरीवर थांबून दहा मिनिटं औषधांबद्दल बोलल्या.

रिक्षात बसल्यावर आत्या म्हणाली, "त्या बाई हुबेहूब आपल्या माईसारख्या दिसत होत्या, नाही?"

मलाही तसंच वाटलं होतं.

तुम्ही पणजीला गेलात तर एक संध्याकाळ गावासाठी जरूर ठेवा. दुपारी जाऊ नका, दुपारी अख्खी पणजी झोपलेली असते. :)