कंटेनरची कुळकथा

कंटेनर म्हटले की डोळ्यांसमोर येते बंदरावरची लोखंडी पेट्यांची रास. आमच्या संगणक क्षेत्रात मात्र गेली दहा-बारा वर्षे हा शब्द वेगळ्याच अर्थाने कानी पडतो. आपल्या मंडळींत घरटी एक जण तरी आयटीत असतोच; म्हणून या कंटेनरची कुळकथा सांगण्याचा हा प्रपंच.

नावाचे मूळ न्यू जर्सीतच आहे. २६ एप्रिल १९५६ रोजी नेवार्क बंदरातून 'आयडियल एक्स' ही बोट ह्यूस्टनला निघाली. माल्कम मॅक्लीन या ट्रक व्यावसायिकाने तिच्यावर ५८ पेट्या चढवल्या होत्या. एकेक पोते हमालांनी वाहण्याऐवजी अख्खी पेटीच उचलायची! माल चढवण्याचा खर्च टनामागे जवळजवळ ६ डॉलरवरून १६ सेंटवर आला.

संगणकातही अडचण तशीच होती. एका यंत्रावर सुरळीत चालणारा प्रोग्राम दुसऱ्यावर अडून बसतो, आणि शेजारच्या प्रोग्रामची लुडबुड वेगळीच. एका यंत्रात अनेक आभासी संगणक उभे करणे, हा त्यावरचा एक उपाय. आयबीएमने १९७२ मध्ये तो मोठ्या संगणकांवर बाजारात आणला, तर १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने साध्या यंत्रांवर. पण हे म्हणजे प्रत्येक भाडेकरूला पायापासून स्वतंत्र बंगला बांधून देणे. सुरक्षित खरे, पण खर्चिक!

कंटेनर म्हणजे आपली गिरगावातली चाळ. पाया आणि जिना सामायिक, बिऱ्हाडे वेगळी. इथला पाया म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, कर्नल. चाळीची पहिली भिंत उठली १९७९ मध्ये, बेल लॅब्सच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत. 'सीएचरूट' या सोयीमुळे प्रोग्रामला फाइलींचा एकच कोपरा दिसे. तेच त्याचे जग. २००० साली फ्रीबीएसडीने 'जेल' आणले. २००२ पासून लिनक्समध्ये 'नेमस्पेस' येऊ लागले आणि प्रत्येक बिऱ्हाडाला आपलीच तेवढी माणसे दिसू लागली.

उरला पाण्याचा प्रश्न. एकानेच नळ अडवला तर बाकीच्यांनी काय करायचे? गुगलमधील पॉल मेनाज आणि रोहित सेठ यांनी २००६ मध्ये त्यावर काम सुरू केले. प्रोसेसर आणि मेमरीचे माप ठरवून देणारे त्यांचे 'सीग्रुप' जानेवारी २००८ मध्ये लिनक्समध्ये दाखल झाले.

मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी सँटा क्लारातील पायथन परिषदेत पाच मिनिटांच्या भाषणात 'डॉकर' दाखवले. भिंती जुन्याच होत्या. नवी होती ती कुठेही नेता येणारी, एका मापाची पेटी. पुढच्याच वर्षी हजारो पेट्या सांभाळणारे 'कुबरनेटीस' गुगलने जाहीर केले. या ग्रीक शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा!

चाळीचा धोकाही लक्षात ठेवावा. पाया एकच असल्याने तिथली एक फट सगळ्यांना भोवते. २०१९ मध्ये 'रनसी' या घटकात अशी त्रुटी सापडली की, कंटेनरमधल्या प्रोग्रामला मूळ यंत्राचाच ताबा घेता आला असता.

पेट्या आल्या तसे ब्रुकलिनचे धक्के ओस पडले. १९८९ मध्ये न्हावा शेवा सुरू झाल्यावर मुंबईच्या गोद्यांतला कंटेनरचा व्यवहारही हळूहळू खाडीपलीकडे गेला. मी मास्टर्स करून नोकरीला लागलो तेव्हा सर्व्हर हाताने उभा करणे हे मानाचे कसब होते. आज ते काम चार ओळींची फाइल करते, आणि त्या कसबावर घर चालवणारे माझे काही समवयस्क पन्नाशीच्या उंबरठ्यावर नवी वाट शोधत आहेत. त्यातही मला दिसते ते असे, की ज्यांना फक्त आज्ञा पाठ होत्या ते अडले; पेटीच्या आत काय चालते हे ज्यांना ठाऊक होते ते तरले.

म्हणून घरातल्या कॉलेजकुमारांना एक सुचवावेसे वाटते. डॉकरकडे वळण्याआधी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाका आणि 'अनशेअर' या आज्ञेने एक कंटेनर स्वतःच्या हाताने बांधून पाहा. एक संध्याकाळ पुरेल, आणि उद्या डॉकरच्या जागी दुसरे काही आले तरी ही शिदोरी कामी येईल.