तरंगंबाडीची धुळाक्षरे

तंजावर म्हटले की आपल्या मराठी मनाला व्यंकोजीराजे आठवतात, सरस्वती महाल आठवतो. पण त्याच राज्याच्या किनाऱ्यावर तरंगंबाडी नावाचे एक चिमुकले बंदर होते आणि तेथे डेन्मार्कचे निशाण फडकत होते, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. १६२० मध्ये रघुनाथ नायकाने ते डेन लोकांना दिले. पुढे नायक गेले, मराठे आले, तरी डेन तेथेच राहिले. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे गादीवर असताना, ९ जुलै १७०६ रोजी, या बंदरात दोन जर्मन पाद्री उतरले. त्यांतला धाकटा, बार्थोलोमेउस झीगेनबाल्ग, चोविशीच्या उंबरठ्यावर होता.

डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याने त्याला पाठविले होते ते शिकविण्यासाठी. परंतु येथे आधी आपल्यालाच शिकले पाहिजे, हे त्याने लौकरच ओळखले. एका वृद्ध पंतोजीला त्याने आपल्याच घरी शाळा भरवावयास लावली, आणि मुलांच्या पंक्तीत बसून तोही वाळूत बोटाने तमिळ अक्षरे गिरवू लागला. अक्षरे आली, अर्थ मात्र उमगेना. कारण पंतोजीला युरोपातली एकही भाषा येत नव्हती. मग अळगप्पा नावाचा दुभाषा गाठला, तेव्हा कोठे शब्दांची कवाडे उघडली.

उघडल्यावर दिसले ते त्याच्या कल्पनेबाहेरचे होते. हे लोक रानटी, त्यांना ना विद्या ना नीती, अशी युरोपात समजूत. येथे तर घराघरांतून ताडपत्रांच्या पोथ्या! १७०८ मध्ये त्याने शंभरांहून अधिक तमिळ ग्रंथांची टिपणांसह यादी केली, आणि काही नीतिपर ग्रंथ जर्मन भाषेत उतरविले. त्याच वर्षाच्या अखेरीस डेन कंपनीच्या अधिकाऱ्याशी बिनसले आणि त्याला सुमारे चार महिने तुरुंगात काढावे लागले. म्हणजे ज्यांच्यात वाढला त्या गोऱ्यांनी कोंडले, आणि ज्यांना सुधारावयास आला त्यांनी शहाणे केले!

याहून मोठा धडा पुढेच होता. १७१२ पासून त्याने व त्याचा सहकारी ग्रुंडलर याने तमिळ जाणत्यांना पत्रे लिहून प्रश्न विचारले. उत्तरे आली ती निर्भीड होती. तुम्ही गोमांस खाता, दारू पिऊन झिंगता, शौचाचे नियम पाळीत नाही. मग तुमचा धर्म आम्ही थोर कसा मानावा? धर्मोपदेशकाला असा आरसा दाखविणारे थोडे, आणि ती उत्तरे भाषांतरून मायदेशी धाडणारे धर्मोपदेशक त्याहून थोडे. झीगेनबाल्गने ती धाडली.

१७१३ मध्ये दक्षिणेतील देवदेवतांवरचा आपला ग्रंथ त्याने हाल्ले येथे आपले गुरू फ्रांके यांच्याकडे पाठविला. उत्तराचा आशय असा होता : तुम्हाला मूर्तिपूजा उखडण्यासाठी पाठविले आहे, तिची खुळे युरोपात पसरविण्यासाठी नव्हे. ग्रंथ पडून राहिला. तो छापला गेला १८६७ साली, मद्रासेत. लेखक १७१९ मध्येच, वयाच्या ३६ व्या वर्षी, तरंगंबाडीला वारला होता.

मग या माणसाला आपण कोणत्या मापाने मोजावे? तो धर्मांतरासाठी आला होता आणि अखेरपर्यंत त्याने तो हेतू सोडला नाही. हे झाकून त्याला हार घालणे हा इतिहास नव्हे. पण तेवढेच सांगून त्याला धुडकावणे हाही इतिहास नव्हे. ज्ञान हेतूचे दास म्हणून येते आणि कधीकधी हेतूच्याच पुढे निघून जाते. लोकांना जिंकण्यासाठी त्यांची भाषा शिकू गेलेल्या या तरुणाला त्यांचे म्हणणे ऐकावे लागले. आणि ऐकलेले त्याने दडपले नाही. दडपले ते दूर बसलेल्यांनी, ज्यांनी वाळूत बोट कधी घातलेच नव्हते.

परक्या समाजाविषयी आपणही घरबसल्या कितीतरी निर्णय देत असतो. त्या आधी पंतोजीपुढे मांडी घालून बसण्याची तयारी आपली आहे काय, एवढे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.