मेकाँग ओलांडणारी वीज

१/ डिसेंबर १९७५ मध्ये लाओसमधील राजसत्ता संपली आणि कम्युनिस्ट सत्तेवर आले. मेकाँगपलीकडच्या थायलंडशी त्यांचे उघड वैर होते. पुढील काळात ही सीमा वारंवार बंद झाली. मात्र लाओसच्या नाम न्गुम धरणावरील वीज नदी ओलांडून थायलंडला जातच राहिली. हे कसे शक्य झाले?

२/ १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने आशिया व अतिपूर्वेसाठी आर्थिक आयोग स्थापन केला. भारतीय अर्थतज्ज्ञ पी. एस. लोकनाथन त्याचे पहिले कार्यकारी सचिव होते. सदस्य देशांवर निर्णय लादण्याचा अधिकार आयोगाला नव्हता. त्याच्यापाशी होते ते अभ्यासक, सर्वेक्षणे आणि शेजाऱ्यांना एकत्र बसवण्याची सोय.

३/ याच आयोगाच्या पुढाकाराने १९५७ मध्ये कंबोडिया, लाओस, थायलंड व दक्षिण व्हिएतनाम यांची मेकाँग समिती स्थापन झाली. आरंभीचे काम मोजणीचे होते: पाणी किती, पूर केव्हा, उतार कोठे. सर्वांना मान्य असे आकडे हाती नसतील, तर पाण्याविषयीची बोलणी पुढे सरकणार कशी?

४/ कंबोडियाने १९६१ मध्ये थायलंडशी आणि १९६३ मध्ये दक्षिण व्हिएतनामशी राजनैतिक संबंध तोडले. समितीच्या बैठका तरीही चालू राहिल्या.

५/ नाम न्गुम ही मेकाँगची लाओसमधील उपनदी. तिच्यावरील धरणाचा पहिला टप्पा १९७१ मध्ये पूर्ण झाला. निधी जपानसह अनेक देशांनी दिला, त्याची व्यवस्था जागतिक बँकेने पाहिली. थायलंडने सिमेंट उधारीवर पुरवले. परतफेड विजेच्या रूपाने व्हायची होती.

६/ या यशाला मर्यादाही होत्या. जलाशयासाठी गावे उठली. मुख्य प्रवाहावरील नियोजित महाधरणे युद्धामुळे कागदावरच राहिली. वरच्या खोऱ्यातील चीन समितीबाहेरच होता. १९७८ मध्ये कंबोडियाविना अंतरिम समिती नेमावी लागली. चारही देश पुन्हा एकत्र आले ते १९९५ च्या मेकाँग नदी आयोगात.

७/ असा आयोग शेजाऱ्यांचे वैर मिटवू शकत नाही. तो फार तर असा एखादा व्यवहार उभा करू शकतो, की जो मोडणे दोघांनाही महाग पडावे. सीमेवरचे फाटक लावून घेणे सोपे होते. वीज तोडली असती, तर ईशान्य थायलंडचा पुरवठा आणि लाओसचे परकीय चलन दोन्ही गेले असते.