मुळशी : धरणाआधीची माणसे (थ्रेड)

१/ ताथवडे २००९ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. त्याआधी हे गाव मुळशी तालुक्याचे. याच तालुक्यात शंभर वर्षांपूर्वी उद्योगासाठी शेतजमीन सक्तीने घेण्याविरुद्ध मोठा लढा झाला.

२/ मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. टाटा पॉवर कंपनीने मुळा-निळेच्या संगमाजवळ धरण योजले. बुडणार होती सुमारे पन्नास गावे आणि आंबेमोहोर भाताची खाचरे. मालकांना न विचारताच शेतांत चर खोदले गेले.

३/ १६ एप्रिल १९२१, रामनवमी. मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. घोषणा होती, ‘जान किंवा जमीन’. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. काम काही काळ थांबले. मग सरकारने १८९४चा भूसंपादन कायदा पुढे केला.

४/ येथे एक अप्रिय गोष्ट सांगितलीच पाहिजे. बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण होत्या. त्यांना मोबदला हवा होता, खाचरे नव्हेत. लढा आतून पोखरला गेला तो येथे. आपल्या गौरवगाथांत हे सहसा येत नाही.

५/ १९२४च्या अखेरीस बापटांनी रुळांवर दगड रचून कंपनीची गाडी अडवली. शिक्षा सात वर्षांची. १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले.

६/ त्याच वर्षी सोव्हिएत युनियनमध्ये नीपर नदीवरील प्रचंड धरणाचे काम सुरू झाले. १९२९ पासून स्टालिनने शेतकऱ्यांना सामूहिक शेतांत कोंबले. यंत्रांसाठी परकीय चलन हवे, म्हणून धान्य हिसकावून निर्यात केले. १९३२-३३ च्या दुष्काळात युक्रेन, कझाकस्तान आणि इतरत्र लक्षावधी माणसे उपासमारीने मेली.

७/ दोन्ही घटना एका मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल. मुळशीत वर्तमानपत्रे होती, सभा होत्या, मोबदला होता. उपासमार हे शासनाचे हत्यार नव्हते. पण ‘देशाला यंत्रे हवीत, तेव्हा शेतकऱ्याने हटावे’ हा युक्तिवाद मात्र दोन्हीकडे होता. मुळशीत तो परकी सत्तेने स्वदेशी कंपनीसाठी केला, म्हणूनच अनेक राष्ट्रवादी गोंधळले.

८/ मुळशीचे पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याला वीज करते आणि कुंडलिकेला मिळते. कोलाडला राफ्टिंगला गेला असाल, तर सकाळी सोडलेल्या त्याच पाण्यावर तुमची होडी तरंगली आहे.