सामायिक होस्टिंग

सामायिक होस्टिंग : एकाच सर्व्हरवर, व पुष्कळदा एका ग्राहकाच्या एकाच खात्यात, भिन्न डोमेन नावांची अनेक संकेतस्थळे ठेवण्याची पद्धती. भोसरी किंवा चाकणच्या औद्योगिक क्षेत्रात एका शेडच्या दारावर कधी दोन-तीन कारखान्यांच्या पाट्या दिसतात. भूखंड एक व प्रवेशद्वारही एक. तथापि टपालवाला नाव वाचून ज्याचे पत्र त्याला देतो. सामायिक होस्टिंगचे तत्त्व हेच होय. मात्र वेबवरील पत्रावर नाव लिहिण्याचा नियम पहिल्या काही वर्षांत नव्हता, व या पद्धतीचा इतिहास बव्हंशी त्या उणिवेच्या निवारणाचा इतिहास आहे.

इंटरनेटवरील प्रत्येक सर्व्हर आकडी पत्त्याने (आयपी पत्त्याने) ओळखला जातो. माणसांना आकड्यांपेक्षा नावे सोयीची, म्हणून पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डोमेन नाव पद्धतीचा आराखडा मांडला. ही पद्धती नावावरून पत्ता शोधून देते. एकाच पत्त्याला अनेक नावे जोडण्यास तिची आडकाठी नव्हती. अडचण होती ती पत्त्यावर पोहोचल्यानंतरची. टिम बर्नर्स-ली यांनी उभारलेल्या वेबच्या आरंभीच्या संकेतांनुसार ब्राउझर सर्व्हरला केवळ हव्या असलेल्या पानाचा मार्ग सांगे. आपण कोणत्या नावाने तेथे आलो, हे सांगत नसे. साहजिकच प्रत्येक संकेतस्थळाला स्वतंत्र आयपी पत्ता लागे. अपाची (१९९५) यासारख्या सर्व्हर-प्रणालींनी एका यंत्राला अनेक पत्ते देऊन यंत्रांची बचत साधली, परंतु पत्त्यांची नव्हे. चौथ्या आवृत्तीच्या पद्धतीत एकंदर पत्ते सुमारे ४२९ कोटीच असल्याने हा मार्ग फार काळ चालणारा नव्हता.

जानेवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी/१.१ या संकेताने प्रत्येक मागणीत ‘होस्ट’ ही ओळ, म्हणजे संकेतस्थळाचे नाव, अनिवार्य केली. ती नसल्यास सर्व्हरने मागणी नाकारावी असा दंडक घातला. काही ब्राउझर त्यापूर्वीच ही ओळ पाठवू लागले होते. बदल एका ओळीचा, पण त्याने नाव व पत्ता यांची एकास एक गाठ कायमची सुटली. सर्व्हर आता नाव वाचतो, आपल्या यादीत त्या नावासमोर कोणता फोल्डर आहे ते पाहतो व तेथील पान पाठवितो. सीपॅनेलसारख्या नियंत्रण-प्रणालींनी ही यादी सांभाळण्याचे काम संगणकतज्ज्ञाच्या हातून सामान्य खातेदाराकडे आणले. एका मुख्य डोमेनच्या खात्यात स्वतंत्र फोल्डर असलेली जोड-डोमेने घालता येतात किंवा मूळचेच संकेतस्थळ दुसऱ्या नावानेही दाखविता येते.

भारतात विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली. ‘.इन’ नावांची नोंदणी त्या काळी मुंबईतील जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे होती. नियम कडक असल्याने २००४ अखेर जेमतेम ७,००० नावे नोंदली गेली होती. २००५ च्या प्रारंभी नोंदणी राष्ट्रीय इंटरनेट विनिमय संस्थेच्या देखरेखीखाली सर्वांना खुली झाली. मुंबईत १९९८ मध्ये स्थापन झालेल्या डायरेक्टी या कंपनीने डोमेन व होस्टिंग यांच्या पुनर्विक्रीची व्यवस्था मोठ्या प्रमाणावर उभी केली. पुनर्विक्रेता घाऊक जागा घेतो व तिचे तुकडे करून ग्राहकांना देतो.

पिंपरी-चिंचवड परिसराला ही व्यवस्था मानवणारी होती. हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स (१९५४) व महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना (१९६२) यांच्या पाठोपाठ येथे वाहन-उद्योग वाढला व त्याला सुटे भाग पुरविणाऱ्या लहान कारखान्यांचे जाळे विणले गेले. चाकणला बजाज ऑटो (१९९९) व फोक्सवॅगन (२००९) यांचे प्रकल्प आल्यावर ते उत्तरेकडे पसरले. जॉबवर्क करणाऱ्या उद्योजकाला संकेतस्थळापेक्षाही स्वतःच्या नावाचा ई-मेल पत्ता अधिक निकडीचा असतो. मूळ पेढी, भगिनी संस्था व एखादे उत्पादन अशी तीन नावे असली, तरी तीन खात्यांचा खर्च त्याला परवडत नाही. एका खात्यात तिन्ही नावे बसतात. किंबहुना संकेतस्थळ तयार करून देणाऱ्याच्या एकाच खात्यात त्याचे सर्व ग्राहक बसतात.

हे सर्व्हर उभे कोठे असतात, याचेही उत्तर अंशतः याच परिसरात आहे. खडकी येथून १९२७ मध्ये इंग्लंडशी थेट बिनतारी तारायंत्र-सेवा सुरू झाली होती. तिच्या परंपरेतून पुढे आलेल्या विदेश संचार निगमाची विस्तीर्ण जमीन जवळच दिघी येथे होती. दिघी १९९७ मध्ये महापालिकेच्या हद्दीत आले. निगमाचे टाटा उद्योगसमूहाकडे हस्तांतर (२००२) झाल्यावर तेथे डेटा सेंटर चालविले गेले व २०१६ मध्ये या व्यवसायातील ७४ टक्के हिस्सा सिंगापूरच्या एसटी टेलिमीडियाने घेतला. डेटा सेंटरमध्ये इमारत, वीज व शीतन सामायिक असते, पण ग्राहकांची यंत्रे वेगळी. एका खात्यातील संकेतस्थळांना असे विभाजन नसते.

दोष येथेच आहे. एका खात्यातील सर्व फोल्डरांचा मालक सर्व्हरच्या दृष्टीने एकच असतो. म्हणून एका दुर्लक्षित संकेतस्थळातून शिरलेली घातक आज्ञावली शेजारच्या सर्वांत पसरू शकते. एकाने अनाहूत ई-मेलचा मारा केल्यास त्या पत्त्यावरील सर्वांचीच पत्रे अडविली जातात. याहून गंभीर प्रश्न मालकीचा. रेडिफ विरुद्ध सायबरबूथ (१९९९) या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने व सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट (२००४) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखे संरक्षण दिले. तथापि नोंदणीत व खात्यावर कारखानदाराऐवजी संकेतस्थळ करून देणाऱ्याचे नाव असेल, तर तो व्यवसाय बंद करून गेल्यावर कारखानदाराला स्वतःचे नाव व वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार परत मिळविणे दुष्कर होते. थोड्या बचतीसाठी नोंदणीही दुसऱ्याच्या हाती सोपविणे शहाणपणाचे नाही.

सुरक्षित (कूटबद्ध) संकेतस्थळांना ही सोय उशिरा लाभली. त्यांत ‘होस्ट’ ओळच कूटात जाई, त्यामुळे कोणाचे प्रमाणपत्र दाखवावे हे सर्व्हरला कळत नसे. संवादाच्या आरंभीच नाव सांगण्याची तरतूद २००३ मध्ये झाली, पण विंडोज एक्सपीवरील इंटरनेट एक्सप्लोररला ती समजत नव्हती. त्या प्रणालीला मायक्रोसॉफ्टचा आधार एप्रिल २०१४ मध्ये थांबला. दरम्यान ३ फेब्रुवारी २०११ रोजी चौथ्या आवृत्तीच्या पत्त्यांचा जागतिक साठा संपला व एका पत्त्यामागे अनेक नावे ठेवणे सोयीपेक्षा गरजेचे झाले. ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरीतील ‘.भारत’ नावे उपलब्ध झाली. मराठी कारखान्याचे असे नाव वाटेत रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपात बदलते व ‘होस्ट’ ओळीत सर्व्हरला तेच रूप दिसते. त्यामुळे जुन्याच खात्यात ते आणखी एक नाव म्हणून जोडता येते.